अण्णा, कांद्याचं मशीन का लपवलंत?

ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांचे पार्ट बनवले, त्याच्या स्वतःच्या नावाचा एक स्क्रूही बाजारात नाही.

आमचे अण्णा. चाकणजवळ कुरुळीत त्यांची पत्रा दाबायच्या प्रेसची शेड. काल त्यांची दशक्रिया झाली.

मी इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. एका सरांशी वाजलं आणि बॅग उचलून निघालो. घरच्यांनी बोलणं टाकलं. अण्णांनी शेडवर ठेवून घेतलं.

"ये अर्ध्या इंजिनियर," म्हणाले, "उरलेला अर्धा हितं हो."

शेडचं गिऱ्हाईक एकच. मोठी कंपनी. डाय म्हणजे साचा त्यांचा, ड्रॉइंग त्यांचं, रेटही त्यांचाच.

आणि दरवर्षी तो रेट कमी करायचा. का? तर कंपनीला जगाच्या स्पर्धेत टिकायचंय.

टीव्हीवर म्हणतात देश स्पर्धेत उतरलाय. उतरला असेल. आमच्याकडे स्पर्धा म्हणजे शेजारच्या गाळ्यापेक्षा स्वस्त होणं.

स्वस्त होणं हा धंदा नाही राव. आपल्यापेक्षा गरजू माणूस रोज कुठेतरी जन्माला येतो.

हे अण्णांनाही कळत होतं. म्हणून तर शिफ्ट सुटल्यावर भंगारातून त्यांनी ते मशीन उभं केलं. कांदा निवडायचं. गोल फिरणारी जाळी. बारका कांदा एकीकडे पडतो, मोठा दुसरीकडे, आणि साल निघत नाही.

चाकण मार्केटचा एक आडत्या बघायला आला आणि हललाच नाही. "अण्णा, पहिलं मला द्यायचं. दुसऱ्याला दिलं तर भांडण हाय आपलं."

त्या दिवशी अण्णांनी सगळ्या शेडला भेळ खाऊ घातली. एवढा हसलेला माणूस मी परत पाहिला नाही.

मग कंपनीचं ऑडिट आलं.

ऑडिट म्हणजे आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात तसं. फरशीवर पिवळे पट्टे, सगळ्यांना नवे ग्लोव्हज, देवाचा फोटो सरळ. आणि कंपनीचं नाही ते सगळं नजरेआड.

मशीन टेम्पोत घालून अण्णांच्या मेव्हण्याच्या कांदाचाळीत गेलं. वर ताडपत्री.

परचेसचे साहेब फिरले. सगळं बघितलं. मग म्हणाले, "अण्णा, नव्या मॉडेलला आम्हाला स्वतः डिझाइन करणारा माणूस हवाय. तुम्ही स्वतःचं असं काही बनवलंय?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. अण्णांनी माझा दंड असा दाबला की बोटं उमटली.

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. अभिमानाने म्हणाले हो! "आमी फक्त तुमचंच काम करतो."

नव्या मॉडेलचं काम दुसऱ्याला गेलं.

मी पेटलो होतो. "अण्णा, तो तुम्हाला दार उघडून देत होता!"

"एका पंगतीत बसून दुसऱ्या पंगतीच्या भाजीचं नाव काढू न्हाई रं," एवढंच म्हणाले. मशीन चाळीतून परत आणलंच नाही. आडत्यालाही "बघू" म्हणत राहिले.

आता सोनालीचं लिहू की नको? लिहितो. सगळ्यांना माहितीच आहे.

सोनाली म्हणजे अण्णांची मुलगी. माण गावच्या आयटी कंपनीत आहे. संध्याकाळी ती ऑफिसच्या बसमधून उतरते तेव्हा माझी सकाळ होते.

अण्णा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "शेड तू चालव. बाबांचं मशीन बाहेर काढ. पण बाबांसारखा मान खाली घालून जगणार असशील तर आत्ताच सांग. आईने तसा संसार केला. मी नाही करणार."

मी म्हणालो, "माझी मान खाली? मला ओळखत नाहीस का तू?"

काल दशक्रियेला घाटावर तेच परचेसचे साहेब आले. माइक घेतला. "अण्णांसारखे उद्योजक हीच या देशाची ताकद आहे." लोकांनी माना डोलावल्या.

मग चपला घालताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता शेड तूच बघणार ना? सोमवारची गाडी वेळेवर निघेल? आणि दुसरं काही सुरू करायचा विचार नाही ना? नाहीतर आम्हालाही दुसरा व्हेंडर बघावा लागेल."

सोनाली शेजारीच होती.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. आख्खं. शिव्यांसकट.

पण साहेबांच्या मागे आमची सगळी शेड उभी होती. प्रेसवरचे बाळूभाऊ, ज्यांच्या पोरीचं लग्न ठरलंय. लातूरहून आलेली दोन भावंडं, ज्यांनी नुकतीच खोली घेतलीय. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "गाडी निघेल."

बाळूभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

सोनालीने आईचा हात धरला आणि रिक्षाकडे चालत गेली. रात्रीपासून फोन उचलत नाहीये.

अण्णा, इतकी वर्षं तुमच्यावर ओरडलो. तुम्ही भित्रे आहात असं वाटायचं मला. समोर साहेब आणि मागे एवढी घरं असली की माणूस किती अरुंद जागेत उभा असतो, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

शेडची किल्ली माझ्याकडेच आहे. सांभाळेन.

या अण्णा. नमस्कार करतो.