साडेनऊ बोटांचे नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरमागे जोडायच्या रोटाव्हेटरला ग्रीस देत होते. खरं सांगते, आधी रडू आलंच नाही, हायसं वाटलं. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, सून म्हणून शोभणार नाही, पण आता महिना उलटून गेलाय आणि लपवण्यात अर्थ नाही. एक तर नानांची धाप थांबली. आणि दुसरं... दहाच दिवस आधी मी देवपूरला जाऊन त्यांना जे सांगायचं ते सांगून आले होते. उशीर केला असता तर जन्मभर घशात अडकलं असतं.

नाना माझे चुलत सासरे. शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात कुणाच्याही ट्रॅक्टरला मागे अवजार जोडायचं असलं की नानांना हाक जायची. ट्रॅक्टरच्या मागचे खालचे दोन हात आणि वरची टॉप लिंक, या तीन जागा. आधी डावी पिन, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. टॉप लिंक फार आवळली तर अवजार पुढे ओणवतं, सैल सोडली तर मागे बसकण मारतं. डावं-उजवं सारखं झालं का हे बघायला नाना रोटाव्हेटरच्या पत्र्यावर पाणी घातलेली स्टीलची ताटली ठेवायचे. पाणी एका काठाला गेलं की ट्रॅक्टरच्या उजव्या हाताचा दांडा फिरवायचे, पुन्हा बघायचे, पुन्हा फिरवायचे. पाणी ठिकाणावर आलं की म्हणायचे, "बसनं," म्हणजे नीट बसलं. बाकीचे नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेत आणि मग अर्धं शेत खोल, अर्धं उथळ करून ठेवत.

मी शहरात, देवपुरात वाढलेली, माहेरी फार तर स्कूटी चालवलेली. मालकांची नोकरी, सासऱ्यांना म्हणजे आबांना दिसेनासं झालेलं, म्हणून ट्रॅक्टर मी शिकायचं ठरवलं. आबा आधी तयारच नव्हते. नानांनी शब्द टाकला तेव्हा कुठे हो म्हणाले, तेही अटीवर. सुनेच्या हातून एक जरी अपघात झाला तर ती सीटवरून खाली, पुन्हा विषय काढायचा नाही. आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

नानांचा नियम एकच होता. ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये माणूस शिरला की सीटवर कुणी नको आणि किल्ली खिशात. त्या दिवशी डावी पिन बसली होती. मी लिव्हरने हात जरासे वर घेतले, इंजिन बंद केलं. नानांनी मागून विचारलं, "उतरनी का?" मी म्हणाले, "उतरले," आणि त्यांनी उजव्या पिनेसाठी हात आत घातला. उतरले नव्हते हो. एक पाय अजून वरच होता. एवढ्याशा घाईने काय होतंय असं वाटलं. कमरेला खोचलेला पदर सुटला, लिव्हरला अडकला आणि लिव्हर खाली ओढला गेला. मागचे दोन्ही हात धाडकन खाली आले आणि नानांचं मधलं बोट पेरापासून गेलं.

आबा विहिरीपाशी होते, आवाज ऐकून चाचपडत धावत आले. काय झालं, कसं झालं... मी तोंड उघडणार तेवढ्यात नाना म्हणाले, "मन्हाच हात आडवा उना." मी गप्प बसले. भ्याले होते, आणि सीटही हवी होती, दोन्ही खरं.

तिसऱ्या दिवशी हाताला पट्टी असतानाच नाना घरी आले आणि स्वतःचा जुना फुल बाह्यांचा शर्ट माझ्यापुढे ठेवला. "ऊन लागस. साडीवर घाल." कापूस वेचताना आमच्याकडे बाया पुरुषांचे शर्ट घालतातच, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

चेष्टा मात्र नानांच्या वाट्याला आली. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणायचंच, "बठ्ठा गावले शिकाडस, आनि सोतानं बोट दी बठना," म्हणजे सगळ्या गावाला शिकवतो आणि स्वतःचंच बोट देऊन बसला. साडेनऊ बोटांचे नाना हे नावच पडलं. हळूहळू लोक अवजार जोडायला त्यांना बोलवेनासे झाले. ज्याने स्वतः नियम पाळला नाही त्याचं काय ऐकायचं, असं. नाना हसायचे. मी आठ वर्षं तोच शर्ट घालून नांगरत, पेरत राहिले आणि दर हंगामात ठरवायची, यंदा सांगते.

शेवटी धाप वाढली तेव्हा नानांना त्यांच्या लेकीकडे देवपूरला नेलं. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घेऊन गेले. चिमूटभर खाल्ली, बाकीची हातातच धरून बसले. मी म्हणाले, "नाना, त्या दिवशी तुमचा हात आडवा नव्हता आला. मी उतरले नव्हते. माझा पदर अडकला लिव्हरला."

नानांनी श्वास गोळा केला. मग म्हणाले, "मंग शर्ट कसाले दिधा व्हता, माय?"

म्हणजे त्यांना तेव्हापासूनच ठाऊक होतं. शर्ट उन्हासाठी नव्हता. पदर दाबून धरायला होता. "मग बोलला का नाहीत?"

"बोलतू तर आबा तुले परत सीटवर बसू देता का? अर्धं बोट गयं... तुन्हा ट्रॅक्टर त ऱ्हायना."

ट्रॅक्टर माझ्याकडे राहिला, एवढ्यावर ते खूश होते. मी त्यांच्यासमोर खूप रडले, म्हणून फोन आला तेव्हा रडू उरलं नसावं.

दहाव्याला सगळा गाव जमला होता. कुणीतरी पुन्हा बोटाचा विषय काढला, आणि मी आबांसमोर, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आबांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. "म्हंजे नाना खोटं बोलना व्हता," ते म्हणाले. त्यांची अट आठवून मी सीटवरून उतरायच्या तयारीतच होते म्हणा ना. मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "बरं करं त्यानी."

परवा रोटाव्हेटर जोडला. आबा बांधावर खाट टाकून बसले होते. इंजिन बंद केलं, लिव्हर तळाशी नेला, किल्ली काढून नानांच्या शर्टाच्या खिशात टाकली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. आबांनी विचारलं, "उतरनी का?"

"उतरले," मी म्हणाले, आणि मग मागे गेले.