गाडीनं जा, का नावेनं

आमच्या गावाला एक बेट आहे असं बीड जिल्ह्यातल्या माणसानं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. बीडचं म्हणजे टँकर आणि ऊसतोड, एवढंच लोकांना ठाऊक. पण बेट आहे. धरण झालं तेव्हा आमची खालची काळी जमीन पाण्यात गेली आणि वरचं मुरमाड टेकाड तेवढं राहिलं. जिथं कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती, नेमकं तेच धरणानं आम्हाला सोडलं. टेकाडावर दोन कडुलिंबाची झाडं आणि उघड्यावर एक महादेवाची पिंड. पाऊस चांगला झाला की चहूबाजूंनी पाणी, आणि तिथं जायचं तर मच्छीमार सोसायटीची पत्र्याची नाव. पाऊस झाला नाही की पाणी मागं हटतं, आणि जीप थेट टेकाडाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहते.

मच्छीमार सहकारी सोसायटीचे चेअरमन माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि गावही अण्णाच म्हणायचं. अण्णांनी जन्मात जाळं हातात धरलं नव्हतं आणि आमच्या घरात मासळीचा वासही चालत नव्हता. पण जमीन होती, जीप होती, तालुक्याला ओळख होती, म्हणून चेअरमन तेच. आमच्याकडे सहकार हा असाच. मासे पकडायचे एकानं आणि खुर्चीत बसायचं दुसऱ्यानं. एक मात्र खरं, माणूस वाईट नव्हता. बडेजाव फार होता, बस्स.

त्या बडेजावानंच आम्हाला गोत्यात आणलं. पाहुण्यांतल्या एका लग्नाला आम्ही बीडजवळच्या पालीला गेलो होतो. तिथं ताईला एका स्थळानं पाहिलं. मंडळी मूळची नांदूरघाटकडची, पण पुण्यात स्थायिक झालेली. मुलगा चांगला, कंपनीत नोकरीला. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिला याआधी दोन स्थळं येऊन परत गेली होती, आणि दोन्ही वेळा ती महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. हे स्थळ तिला मनापासून हवं होतं. त्या लग्नात दोघं थोडा वेळ बोलली होती, आणि परतताना जीपमध्ये माझ्या कानाशी ती म्हणाली, "हा नाही म्हणाला ना, तर मी परत कुणापुढं बसणार नाही."

पंगतीत मुलाचे वडील कोकणातल्या सहलीचं सांगत होते. खाडीवर फेरीबोट असते, तिच्यावर आपली गाडीच चढवायची, पलीकडच्या बेटावर उतरायचं, दोन दिवस राहायचं, वगैरे. अण्णांनी जिलबीचा तुकडा ताटात ठेवला. "तेवढ्यासाठी कोकणात काहून जायचं? बेट आमच्याकडं बी हाय की. गाडीनं जा, का नावेनं!" मुलाच्या आईचे डोळे चमकले. "अय्या, मग मुलगी बघायचा पुढचा कार्यक्रम बेटावरच करू या की." सगळी पंगत हसली. अण्णा सगळ्यात मोठ्यानं हसले.

तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि धरणात थोडंफार पाणी होतं. मंडळींना यायला सवड झाली ती एप्रिलात. तोवर पाणी असं आटलं की दिंद्रुडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसांनी धरणाच्या पोटातूनच पायवाट पाडली. भेगाळलेल्या गाळात आमची काळी जमीन पुन्हा दिसायला लागली, बांधासकट. टेकाडाच्या पाठीमागं नदीच्या जुन्या पात्रात तेवढा एक डोह उरला होता. गावाचं पिण्याचं पाणी तेच. टँकर आला तर आला. म्हणून ग्रामसभेत ठरलं होतं की डोहात जनावर घालायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, जाळं टाकायचं नाही, कुणी पायसुद्धा बुडवायचा नाही. बायकांनी सकाळ-संध्याकाळ काठावरून पाळीनं भरून घ्यायचं. हा ठराव वाचून दाखवला होता अण्णांनीच. आवाज चढवून, टेबलावर हात आपटून.

आईनं सुचवलं की पाहुण्यांना खरं सांगा, घरीच बोलवा. अण्णा म्हणाले, "शब्द दिलाय. बेट हाय म्हणालो अन् आता न्हाई म्हणू? पोरीच्या सोयरिकीचा सवाल हाय." मला वाटतं, त्यांना ताईची काळजी खरीच होती. पण त्या काळजीत स्वतःचं नाक किती होतं हे त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं. त्यांनी सोसायटीची नाव ट्रॉलीवर चढवली, ट्रॅक्टरनं धरणाच्या कोरड्या पोटातून नेली आणि डोहात सोडली.

सोसायटीचे दोन सभासद वल्हवायला होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "अण्णा, खाली निस्ता गाळ हाय. नाव फिरली की समदं पानी ढवळंल."

"अर्ध्या तासाचा खेळ हाय बे," अण्णा म्हणाले. "बायका दिस कलल्यावर येत्यात. तवर निवळंल."

गाळ अर्ध्या तासात निवळत नाही, हे त्या दोघांना माहीत होतं. अण्णांनाही माहीत असणार. पण चेअरमनला कोण सांगणार?

पाहुणे जेवणाच्या वेळेला येणार होते, ते आले दिवस कलायला लागला तेव्हा. वाटेत गाडी तापली म्हणे. आम्ही त्यांना जीपमधून, उन्हाच्या निमित्तानं बाजूचे पडदे सोडून, टेकाडाच्या पायथ्याशी नेलं आणि वर चढवलं. सतरंजी अशी अंथरली होती की बसणाऱ्याचं तोंड डोहाकडं राहावं आणि पाठ कोरड्या धरणाकडं. ही युक्ती माझी. आईनं धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि खव्याच्या पोळ्या वाढल्या. प्यायला दिंद्रुडहून थंड पाण्याचे जार आणले होते. मुलाची आई म्हणाली, "बाई, किती शांत आहे!" शांत का आहे, हे कुणी सांगितलं नाही.

मग नाव. मुलगा, त्याचे आईवडील, ताई, मी आणि अण्णा बसलो. आई काठावर थांबली. डोह केवढा, तर वल्हं चार वेळा मारलं की पलीकडचा काठ लागायचा. म्हणून नाव गोल गोल फिरवायची. घाण्याला जुंपल्यागत आम्ही फिरत होतो. पण मुलाच्या आईला मौज वाटत होती. तिनं पाण्यात हात सोडला, फोटो काढले, आणखी एक फेरी मागितली. ताई आणि मुलगा समोरासमोर बसले होते आणि एकमेकांकडं बघून हसत होते. मीही हसत होते. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला तळातून तपकिरी लोट वर येत होते.

तेवढ्यात काठावर बायका दिसल्या. घागरी कमरेवर, पदर डोक्यावर. त्या आल्या, पाण्याकडं पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. सगळ्यांच्या पुढं मामी होती. पुनर्वसनातल्या वस्तीवरची ही बाई ऊसतोडीच्या कोयत्यावरून गुढीपाडव्याला परत आली होती, आणि सगळं गाव तिला मामीच म्हणायचं. तोंडाची लई फटकळ. रेशनच्या दुकानदाराला तिनं भर चौकात घाम फोडलेला मी पाहिला होता. आता ही बोलणार, आणि सगळं संपणार. मी ताईकडं पाहिलं. तिचं हसू गेलं होतं आणि तिनं नावेचा काठ घट्ट धरला होता. अण्णांनी मान वळवून भलतीकडंच काहीतरी बघायला सुरुवात केली.

मुलाच्या आईनं हात हलवला. "काय हो, इकडं कुणीकडं?"

मामीनं एकदा पाण्याकडं पाहिलं. एकदा ताईच्या नव्या साडीकडं. मग म्हणाली, "काय न्हाई बाई. गावात पाहुणे आल्यात म्हनं, बघाया आलाव."

"आणि घागरी?"

मागच्या एकीनं पदर तोंडात धरला. मामी थांबली नाही. "त्या व्हय? म्हादेवाला पानी घालाया. आमच्यात चैताचं घालत्यात."

"अय्या, आम्हालाही बघायचंय!"

झालं. नाव काठाला लागली. बोललेला शब्द खरा करायचा म्हणून मामीनं त्या ढवळलेल्या पाण्यात घागर बुडवली. बाकीच्यांनीही बुडवल्या. रांगेनं त्या टेकाड चढल्या आणि पिंडीवर पाणी ओतलं. चिखलाचं पाणी महादेवावरून ओघळून मुरमात जिरलं. मुलाच्या आईनं डोळे मिटून हात जोडले, एका घागरीला स्वतःचा हात लावला आणि मुलाच्या वडिलांना म्हणाली, "बघा, अजून कसं जपून ठेवलंय या लोकांनी." ताईनं माझं मनगट धरलं होतं ते दुखेपर्यंत दाबलं. मला त्या क्षणी जमीन दुभंगावी असं वाटलं. ती तर खाली मैलभर दुभंगलेलीच पडली होती.

पसंती तिथंच सांगितली गेली. मुलाच्या आईनं ताईच्या हातावर खवापोळीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "आमच्याकडून होकार." आई रडली. अण्णांनी व्याह्यांना मिठी मारली. पाहुणे अंधार पडायच्या आत निघून गेले.

घरी आल्यावर ताईनं साडीही बदलली नाही. ती अण्णांसमोर उभी राहिली. "उरलेले जार घेऊन वस्तीवर जा. नाहीतर मी त्यांना फोन करून आत्ता सगळं सांगते." ताई अण्णांशी अशी कधी बोलली नव्हती. अण्णांनी निमूट जीपची किल्ली घेतली. मला बरोबर घेतलं, बहुधा एकट्याला धीर होत नव्हता म्हणून.

मामी दारात बसली होती. पुढ्यात पातेलं, त्यात पाहुणे गेल्यावर परत भरून आणलेलं डोहाचं पाणी, आणि ती हातानं तुरटी फिरवत होती. आम्हाला बघून तिनं हात झटकला. तिचा पहिला प्रश्न, "पसंत पडली का पोरगी?"

अण्णा जीपमधून जार उतरवायला लागले. मी म्हणाले, "पडली."

"ए, पडली गं!" मामीनं शेजारी हाक दिली. दोन-तीन बायका बाहेर आल्या. कुणी डबा उघडून चिमूटभर साखर आणली आणि आमच्या दोघांच्या हातावर ठेवली.

"मामी," अण्णा म्हणाले, "मी लई मोठी चूक केली. ठराव माझाच, अन् मीच..." त्यांनी एक जार पुढं सरकवला. "हे जार ठिवून घ्या."

"आवं अण्णा," मामी म्हणाली, "दुसरं कुनी नाव घातली असती तर त्याचं थोबाड रंगवलं असतं. तुमाला बी सोडलं नसतं. उद्या ग्रामसभेत बोलनार हाय मी, सांगून ठिवते. पर आज कसं बोलायचं? पोरगी काय एकल्या तुमची हाय का?"

आम्ही वळायला लागलो तर तिनं थांबवलं. गोड खाऊन पाण्यावाचून दारातून जायचं नसतं. जार तिनं उघडला नाही. पातेल्यातलं वरवरचं, जरा निवळलेलं पाणी तांब्यात काढलं आणि अण्णांच्या पुढं धरलं. तिच्या घरात रात्रीपुरतं तेवढंच असणार. अण्णांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, अर्धं पाणी प्याले आणि उरलेलं माझ्याकडं दिलं. माझ्या तोंडात साखर होती, म्हणून ते पाणी मला गोड लागलं, आणि ते गोड लागावं याची मला दिवसभरातल्या सगळ्याहून जास्त लाज वाटली.