आगबोटीचं चाक

आमचे आजोबा पाणी मागे लोटणाऱ्या मोठ्या चाकाच्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे आणि ती बोट पाचूबंदरासमोर खाडीत रुतली, ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितली होती, की घरात तिचं नावच ‘बाबांची थाप’ पडलं. नाव ठेवणारा मीच. बाबा आता नव्वदीला टेकलेत आणि हल्ली ती गोष्ट सांगतच नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटायला लागलं. निवृत्त माणसाला दुसरा उद्योग काय? म्हटलं, बोट शोधू, बाबांच्या हातात पुरावा ठेवू.

पाचूबंदरच्या एका मासेमाराला विचारलं, “खाडीत बुडालेली जुनी बोट दाखवाल?”

“दाखवीन की, दादा.”

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला त्याने होडीतून नेलं. मी गुडघाभर चिखलात उतरून लाकडी फासळ्या मोजल्या, फोटो काढले. घरी सगळ्यांना दाखवले. नातीने फोटो मोठा करून विचारलं, “आजोबा, आगबोटीवर प्लॅस्टिकचा डिझेलचा कॅन कसा?” झालं. पौर्णिमेला दुसरी बोट पाहिली, ती रेतीची बार्ज निघाली. पुढच्या अमावास्येला काहीच सापडलं नाही. उलट माझी एक चप्पल चिखलात गेली. पुढेमागे कुणी संशोधक आलाच, तर त्याला ती मिळेल.

परतल्यावर दर वेळी मी त्याच्या अंगणात पाय धुवायचो, त्याची आई चहा द्यायची. जाळी सुकवायला तिथे एक भलंमोठं वाकडं लोखंड उभं होतं, त्यावर मी ओला टॉवेल टाकायचो. तिसऱ्या वेळी टॉवेल बोल्टात अडकून टर्रकन फाटला.

मी वैतागलो. “मावशी, हा बोल्ट काढून टाका हो.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आगबोटीचा हाय तो. चाकाच्या फळ्या त्याला होत्या. बोट मोडली तवा माझ्या आजेसासऱ्यानं अर्धं चाक उचलून आनलं.”

मी तिच्या मुलाकडे पाहिलं. “अहो, मग तीन वेळा मला चिखलात कशाला नेलंत?”

“तुमी बुडालेली बोट इचारली,” तो शांतपणे म्हणाला. “ह्ये तर आमचं जाळं सुकवायचं.”

दुसऱ्या दिवशी बाबांना रिक्षात घालून घेऊन गेलो. मावशीने जाळं बाजूला केलं, खुर्ची दिली. बाबांनी लोखंडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला अगदी कृतकृत्य वाटत होतं. शेवटी न राहवून म्हणालो, “बाबा, तुमचं खरं होतं. पटलं मला.”

“हो,” बाबा म्हणाले. “लोखंडाने सांगितल्यावर पटलं. मी साठ वर्षं सांगत होतो.”

मग त्यांनी मावशीकडे अर्धा कप चहा मागितला आणि आजोबांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तिलाच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.