पांढऱ्या कोटात बसायचं नाही

लहान पोरांना घेऊन भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावं की नाही, यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं. घाला बापडे. पण त्या पोरांना जो वाढतो, त्याला कधी कुणी विचारलंय? नाही ना? मग ऐका त्याची गोष्ट.

तो जहाजावर वेटर होता. माल वाहणारं जहाज नव्हे; लोक आठ-आठ दिवस नुसते हिंडायला, खायला आणि लोळायला येतात तसलं, चौदा मजल्यांचं. त्याचं रेस्टॉरंट तेराव्या मजल्यावर. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, एकेका माणसापुढे चार काटे, तीन ग्लास, आणि एकामागून एक येणारे सात पदार्थ. सगळं जेवण उरकायला अडीच तास लागायचे. आता चार वर्षांच्या पोराचा धीर किती असतो? वीस मिनिटं. फारच गुणी असेल तर पंचवीस. उरलेले दोन तास पोर काय करणार, याचा विचार आईबाप घरून करून येत नाहीत. तो वेटरने करायचा.

अकरा नंबरचं टेबल किचनच्या दाराला लागून होतं. हेडसाहेब, म्हणजे त्या रेस्टॉरंटचे मुख्य, लहान पोरांचं प्रत्येक कुटुंब गोड हसून तिथेच आणून बसवायचे. वेळही ठरलेली. संध्याकाळी सहा, बाहेर लख्ख उजेड असताना. काय रडारड व्हायची ती बडे पाहुणे यायच्या आत होऊन जावी हा हिशोब. आणि अकरा नंबर नऊ वर्षं ह्याच्याच गळ्यात. किचनमधले त्याला 'भोंगाबंद' म्हणायचे. कसलाही भोंगा सुरू असू दे, हा टेबलाशी पोचला की दोन मिनिटांत बंद.

त्यात जादू काही नव्हती हो. आईबाप मेन्यू उघडायच्या आत पोराच्या हातात पाव गेला पाहिजे, कारण भुकेलं पोर कुणाचं ऐकत नाही. पोराची प्लेट मोठ्यांच्या आधी यायची, तीही कापून, फुंकून, कोमट करून. काचेचा ग्लास हळूच गायब करायचा. नॅपकिनचा उंदीर करून तो आपल्या मनगटावरून दंडापर्यंत पळवायचा. पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे पोर खुर्चीवरून खाली उतरता कामा नये. एकदा उतरलं की संपलं. मग ते टेबलाखाली जातं, तिथून शेजारच्या टेबलाखाली, आणि मग कुठल्या तरी बाईची किंकाळी ऐकू येते.

हे करता करता तो पार दमून गेला होता. गुडघे बोलायला लागले होते. जहाज डुललं नाही तरी त्याला डुलल्यासारखं वाटायचं. गालसुद्धा दुखायचे, खरंच. दिवसाचे सात-आठ तास हसलं की गाल दुखतात, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. आणि ती माणसं तरी एकेक कशी! एका बापाने पोराला सूप पाजायला सांगितलं आणि स्वतः मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. एका आजीबाईंनी तासभर सांगितलं की आमच्या वेळी मुलं अशी नव्हती, आणि तेवढ्यात नातवाने वाटाणा नाकात घातला. तो काढला कुणी? ह्यानेच. आजीबाई म्हणाल्या, "तुम्हाला बरं जमतं हो. घरी लहान मूल आहे वाटतं?"

होतं ना. घरी मुलगी होती, चार वर्षांची. लाडाचं नाव ठकी.

ठकी दोन वर्षांची असताना तो ह्या खेपेला जहाजावर चढला होता. नऊ महिन्यांचा करार, मग सुट्टी, असं ठरलेलं. पण घराला स्लॅब घालायचा होता, म्हणून एका करारावर दुसरा करार चढला आणि सुट्टी राहूनच गेली. जहाज बंदराला लागलं की मोबाइलला रेंज यायची, आणि ती नेमकी त्याच्या दोन पाळ्यांच्या मधली वेळ असायची. मग तो किचनच्या मागच्या बोळात प्लेटांच्या चळतीला मोबाइल टेकवायचा आणि ठकीशी बोलायचा. उंदीर पळवून दाखवायचा. ती तिकडे खिदळायची. दहा मिनिटं झाली की कुणीतरी हाक मारायचं. असं पावणेदोन वर्षं चाललं होतं.

शेवटी कंपनीचा पास मिळाला. घरच्या दोघांना आठ दिवस जहाजावर आणता येतं, आणि त्यातली एक संध्याकाळ वेटरलाही सुट्टी घेऊन, घरच्यांसोबत, पाहुण्यासारखं आपल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवता येतं. एकच संध्याकाळ. हा दोन महिने त्या संध्याकाळकडे डोळे लावून बसला होता. बाकी त्याला काही नको होतं. फक्त खुर्चीवर बसायचं. शेजारी आपली पोर बसवायची आणि तिला आपल्या हाताने भरवायचं. दुसऱ्यांच्या पोरांना हजार वेळा भरवलं, आता एकदा आपल्या पोरीला. जास्त मागणं होतं का हे? तुम्हीच सांगा.

बायको आणि ठकी आल्या तेव्हा तो निळा शर्ट घालून, केस विंचरून जिन्याशी उभा होता. त्याने हात पसरले. ठकी आईच्या मागे लपली.

"अहो, लाजतेय ती," बायको म्हणाली. "होईल सवय."

तीन दिवस गेले, सवय काही होईना. पहाटेपासून त्याची कामं, आणि मायलेकींचं जेवण खालच्या बुफेत. दुपारी तासभर सुटला की तो धावत त्यांच्या खोलीत जायचा, घरातला टीशर्ट अडकवून. ठकी पलंगाच्या पलीकडल्या टोकाला सरकायची. त्याने बिस्किट दिलं तर घ्यायची, पण म्हणायची काय? "थँक्यू काका." बायकोने कपाळाला हात लावला. तो हसला, नऊ वर्षं सराव होता हसण्याचा. मग खाली जाऊन धुवायच्या टेबलक्लॉथच्या ढिगाऱ्यावर बसला आणि रडला. चांगला हुंदके देऊन रडला. नंतर तोंड धुऊन सहाच्या पंगतीला हजर.

चौथ्या दिवशी त्याची संध्याकाळ आली. सहा वाजता तिघं रेस्टॉरंटच्या दारात. हेडसाहेबांनी त्यांना कुठे नेलं असेल? बरोबर, अकरा नंबरवर! त्या दिवशी त्या टेबलावर बारावाली वाढणार होती, म्हणजे शेजारचं बारा नंबर सांभाळणारी वेटर बाई. तिने मोठ्या थाटात त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा पाहुणे! आज हात लावाल कशाला तर बघा."

तो बसला. नऊ वर्षांत त्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा बसला. बसल्यावर टेबल केवढं उंच वाटतं! त्याला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. पाव आला. त्याने तुकडा मोडून ठकीपुढे धरला. ठकीने तोंड फिरवलं. सूप आलं, त्याने फुंकून चमचा पुढे केला. ठकीने ओठ घट्ट मिटले. त्याने नॅपकिन उचलला, उंदीर केला, मनगटावरून पळवला. ठकी त्या उंदराकडे बघतच राहिली. आणि मग तिचे कान लाल झाले.

त्याला कळलं. कान लाल झाले की मिनिटभरात भोंगा होणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"तो बाबांचा उंदीर आहे!" ठकी किंचाळली. "काकांनी का घेतला? आई, बाबा कुठेत? तू म्हणालीस जहाजावर बाबा आहेत!"

सगळं रेस्टॉरंट वळून बघायला लागलं. बायकोचं तोंड उतरलं. "अगं वेडे, हे काय बाबा, समोर बसलेत ना?"

"हे नाहीत! बाबा पांढरे असतात. त्यांच्या गळ्यात काळं फुलपाखरू असतं." आणि ती हमसून हमसून रडू लागली.

तो थिजलाच. वेटरचा पांढरा कोट आणि गळ्याशी काळा बो. पावणेदोन वर्षं मोबाइलवर पोरीने दुसरं काही बघितलंच नव्हतं. दहा मिनिटांच्या फोनसाठी कोण कपडे बदलतो? पोरीचा बाप म्हणजे तो कोट. आणि हा मूर्ख, होय मूर्खच, चार दिवस कोट सोडून भलतेच कपडे घालून तिच्यापुढे नाचत होता.

उपाय चार पावलांवर होता. किचनच्या दाराआड, खुंटीवर. पण त्याच दारावर एक पाटी होती, तीही हेडसाहेबांच्या हातची: पांढऱ्या कोटात बसायचं नाही. पाटी नुसती शोभेची नव्हती. गेल्या वर्षी एक जण कोटात दोन मिनिटं टेकला होता, पाहुणे नसताना. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी तळमजल्यावरच्या बुफेत झाली. म्हणजे कोट घातला की खुर्ची गेली. आणि ही संध्याकाळ परत मिळणार नव्हती.

त्याने एकदा खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. मग उठला.

"अहो, कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"आलो."

तो आत गेला, कोट चढवला, बो लावला आणि नॅपकिन मनगटावर टाकून बाहेर आला. ठकी रडता रडता थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा!"

काय ओरडली पोर! तो धावत टेबलाशी गेला आणि तिने त्याच्या गळ्याला अशी मिठी मारली की बो वाकडा झाला. त्याला घट्ट धरून ती त्याच्या कानात तक्रार सांगू लागली, की एक काका रोज खोलीत येतात आणि आज तर उंदीरच घेतला. तो "हो का? हो का?" म्हणत राहिला.

मग काय विचारता. ठकीने पाव खाल्ला, सूप प्यायली, मासा खाल्ला, बटाटे खाल्ले. तो कापत होता, फुंकत होता, वाढत होता. बारावाली बाजूला उभी राहून डोळे पुसत होती आणि कुणी बघितलं की चमचे पुसल्यासारखं करत होती. बायकोने त्याची रिकामी खुर्ची जराशी जवळ ओढून घेतली.

आईस्क्रीम आलं तेव्हा ठकीने शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. "बाबा, तू पण बस ना."

पावणेदोन वर्षं ज्यासाठी काढली ते हे. आणि ते आलं ते कोट घातल्यावर. त्याने समोर बघितलं. दाराशी हेडसाहेब उभे होते, नजर इकडेच.

"मला बसता येत नाही, राणी."

"का?"

"हा कोट घातला की उभं राहायचं असतं."

"मग काढ."

तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. कोट काढला तर पुन्हा काका. चार वर्षांच्या पोरीला हे समजवायचं कसं? त्याचे गुडघे ठणकत होते. सुट्टीची संध्याकाळ होती आणि तो दीड तास उभा होता.

ठकीने थोडा विचार केला. मग आईस्क्रीमची वाटी दोन्ही हातांत धरून ती खुर्चीवरून खाली उतरली. वाटी खुर्चीवर ठेवली, त्याला खेटून उभी राहिली आणि उभ्यानेच खायला लागली.

हेडसाहेब आलेच लगबगीने. "अहो, तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना? मुलाला खुर्चीवरून उतरू द्यायचं नाही. बसवा तिला."

"नाही साहेब," तो म्हणाला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "जेवतेय ती."

हेडसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, टेबलाशी मोकळ्या पडलेल्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले.

ठकीने एका मुठीत कोटाची कड धरली होती. थोड्या वेळाने ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"पाय दुखले का गं?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "तुझे?"

"माझे पण."

दोघं तशीच उभी राहिली.