झेंडूखालची स्प्रिंग

नोटीस वाचून माझं डोकंच फिरलं. दालमिलमध्ये डाळ पुढे सरकवणारा पत्र्याचा लांब ट्रे असतो, सारखा थरथरत राहतो. ते मशीन आम्ही बनवतो, ट्रे ज्या स्प्रिंगांवर उभा असतो त्यांच्यासकट. तशा स्प्रिंगचं पेटंट म्हणे बाहेरच्या एका मोठ्या कंपनीकडे होतं, आणि आम्ही चोर! दोन पोलादी पट्ट्या, मध्ये रबर, टोकाला हलकासा बाक, ही करामत माझ्या दादाची, त्यांच्या पेटंटच्या कितीतरी आधीची. पण वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं, त्यांच्या अर्जाआधी ही स्प्रिंग चारचौघांसमोर चालत होती याचा पुरावा आणा, नाहीतर बनवणं बंद करा.

कारखाना आम्हा दोघा भावंडांचा. कागद मी सांभाळते, लोखंड तो. नोटीस आल्यापासून त्याने तोंडाला कुलूपच लावलं होतं. नकाशा तर त्याने जन्मात कधी कागदावर काढला नव्हता.

मला दसऱ्याचे फोटो आठवले. दरवर्षी मशीनची पूजा होते, फोटो निघतो, तारखेसकट मोबाइलमध्ये राहतो. उड्या मारतच मी ते उघडले आणि कपाळावर हात मारला. हार अडकवायला सोयीची जागा म्हणजे स्प्रिंग, त्यामुळे प्रत्येक फोटोत तिथे झेंडूच झेंडू. हार बांधणारी कोण, तर मीच. एवढी कसली हौस होती मला, कोण जाणे.

मग लकडगंजातल्या दालमिलवाल्या काकूंना फोन लावला. आमचं पहिलं मशीन त्यांनीच घेतलं होतं. मुहूर्ताचा व्हिडिओ त्यांनी त्याच दिवशी यूट्यूबवर टाकला होता, तो अजून होता. दादाला शेजारी बसवून मी तो लावला. पुन्हा तोच झेंडू! मी चिडून बंद करणार, एवढ्यात व्हिडिओत काकूंनी बटण दाबलं, ट्रे थरथरू लागला आणि हार घसरत घसरत खाली पडला. समोर आमची स्प्रिंग, बाकासकट, रबरासकट. मी ओरडलेच. आनंद पोटात मावेना.

वकीलबाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला, टाकल्याची तारीख तपासली आणि हसल्या. समोरच्यांचं पेटंट टिकणं अवघड आहे, म्हणाल्या. मी लगेच विचारलं, मग आता ते आपल्या नावावर करून घेऊ या का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. स्प्रिंग सगळ्यांसमोर आली तेव्हा आपण अर्ज केला नव्हता. ज्या व्हिडिओने त्यांचा हक्क जातो, त्यानेच आपलाही गेला. आता ती कोणीही बनवावी.

माझा चेहरा पडला. दादा मात्र इतक्या दिवसांनी बोलला.

"म्हणजे मी चोर नाही ना, मॅडम?"

नाही, त्या म्हणाल्या.

"मग बनवू द्या सगळ्यायले." आणि माझ्याकडे वळून, "तू काहून रडून राहिली वं?"

मी रडत नव्हते, भडकले होते. थोडी रडतही होते.