पऱ्हाटीची चौकट

मला काळजी करायला कारण लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या उन्हाळ्यात कारण होतं, आणि ते आमच्या बांधावर उभं होतं.

तिसगावजवळ आमची वस्ती आहे. वरच्या बांधावर एक कडुलिंब आहे, खोड माझ्या मिठीत मावत नाही एवढा. धाकट्या भावाचं घर बांधायला काढलं तेव्हा तात्या, म्हणजे माझे वडील, जेवताना सहज बोलून गेले, "दाराची चौकट आपल्या लिंबाची करायची. त्याच्यासाठीच तर राखलाय." आमच्याकडे मुख्य दाराची चौकट घरच्या लाकडाची असावी अशी रीत आहे. आईने पुढची भाकरी जरा जोरातच थापली.

त्या रानात सावली म्हणून तेवढीच. खुरपणी असो, कापसाची वेचणी असो, आईची दुपारची भाकरी त्या झाडाखालीच असते. आम्हा भावंडांच्या झोळ्याही तिने त्याच फांदीला बांधल्या होत्या. तात्या बाहेर गेल्यावर तिने मला गाठलं. "तू कंपनीत चौकटी करती ना? मग आपली पन कर की. तेवढा लिंब वाचव माझा."

आईने माझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणाले.

मी नगरच्या एमआयडीसीत एका लहानशा कारखान्यात काम करते. भंगारातलं प्लास्टिक वितळवायचं, त्यात लाकडाचा भुसा मिसळायचा आणि मशीनमधून चौकटीच्या पट्ट्या काढायच्या, हे आमचं काम. भुसा वखारीतून येतो. तो कुठल्या झाडाचा, ते कुणी तोडलं, विचारलं तर कुणी धड सांगत नाही. आपलं झाड वाचवायला दुसऱ्याचं झाड भरडून घालायचं, हे काही मला पटेना. मग पऱ्हाट्या आठवल्या. कापूस संपला की उपटलेल्या वाळक्या झाडांचे ढीग बांधाला पडतात. थोड्या चुलीला जातात, बाकीच्या लोक पेटवून देतात. मालकांपुढे विषय काढला तेव्हा ते बराच वेळ चहा ढवळत बसले. शेवटी म्हणाले, "करून बघा एकदा. पण मशीन बिघडलं तर मला तोंड दाखवू नका." ते हसत म्हणाले, मला मात्र हसू आलं नाही.

तात्या सहजासहजी ऐकणारे नव्हेत. "घरच्या पऱ्हाट्या हायती म्हनून चालवून घेतो," ते म्हणाले. "पन सुतार यायच्या आत चौकट दारात पायजे. न्हाई आली तर लिंब पाडायचा. मग रडायचं न्हाई."

गावातल्या भरडगिरणीवर पऱ्हाट्या दळून आणल्या. मी स्वतः ओलावा तपासला. भुसा खडखडीत कोरडा होता, म्हणून कारखान्यात तो पुन्हा वाळवायची गरज नाही असं मीच सांगितलं. निम्मा भुसा पोत्यांत भरायचं काम आईवर सोपवून मी कामाला परतले. दुसऱ्या दिवशी पोती टेम्पोने आली.

मशीनमधून पट्टीचं तोंड बाहेर आलं तेव्हा मी देवाचं नाव घेत होते. हातभर पट्टी सरळ आली. मग तिच्या अंगावर फोड उठायला लागले. कापून पाहिलं तर आत धिरड्यासारखी जाळी. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, मालात पानी हाय." मी त्याच्याशी वाद घातला. मग वाद सोडून आईला फोन लावला.

"पोती भिजली होती का गं?"

"भिजली न्हाई. मीच मारला की पान्याचा हबका," आई म्हणाली. "लई धुरळा उडत हुता. बैलाला भुसा टाकताना मारतो ना आपन, तसा. तुमच्या मशीनीवरच्या मानसांच्या नाकात जाया नको म्हनून."

मला इतका राग आला की काही सुचेना. आणि रागवायचं तरी कुणावर? कोरडा भुसा पुढ्यात टाकला तर जनावर ठसकतं, म्हणून तिने जन्मभर आधी पाणी शिंपडलं होतं. मी तिला सांगितलं, त्या पाण्याची वाफ झाली आणि चौकट फुगली.

"म्हंजी माज्याच हातानं लिंब गेला?"

संध्याकाळी वस्तीवर जाऊन फुगलेला तुकडा तात्यांना दाखवला. ते चिडवतील असं वाटलं होतं, तेही त्यांनी केलं नाही. "आसूं दे," म्हणाले, "सुताराला निरोप धाडलाय." त्यापेक्षा त्यांनी मला बोल लावले असते तर बरं वाटलं असतं.

उरलेला भुसा आईने चादरींवर उन्हात पसरला आणि तोंडाला पदर गुंडाळून शेजारी बसली. वारा आला की चादरीची टोकं धरायची. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले, पण पाण्याचा तांब्यासुद्धा तिने जवळ ठेवू दिला नाही. या वेळी मी भुसा कारखान्यातही तापवून घेतला. पट्टी निघायला लागली. फोड आले नाहीत. शेवटचं टोक बाहेर येईपर्यंत मात्र माझा विश्वास बसला नाही.

चौकट घेऊन टेम्पो वस्तीवर पोचला तेव्हा सुतारमामा करवत घेऊन बांधाकडे निघालेच होते. ते मागे वळले. त्यांनी चौकट ठोकून पाहिली, एक स्क्रू पिळला आणि म्हणाले, "धरतीय की." तात्यांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. "बसवा," म्हणाले.

चौकट उभी राहिली. हळदीकुंकू झालं, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. शेवटी चौकटीवर पाणी शिंपडायचं असतं. आईने तांब्यात बोटं बुडवली आणि हात तसाच थांबला. सगळे बघत होते. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मारू का गं? फुगंल का?"

तयार चौकटीला पाण्याने काही होत नाही. तिचा एक तुकडा मी बादलीत बुडवून ठेवून खात्री केली होती. तरीही मी एकदा चौकटीकडे पाहून घेतलं. मी म्हणाले, "मार."

तिने अगदी चार थेंब शिंपडले आणि लगेच पदराने पुसून टाकले.

अजूनही पाऊस आला की आई दोरीवरची धुणी सोडून आधी चौकट पुसायला धावते. काही होत नाही गं, हे सांगून मी थकले. पाऊस उघडला की ती भाकरी घेऊन लिंबाखाली जाते, आणि ती गेली की मी चौकटीवर बोट दाबून बघते.