पिठाच्या डब्यातली पुरचुंडी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटे सोलणं.

जानेवारी होता. त्या दिवसांत बेंगळुरात रस्त्याकडेला पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात, इथले लोक त्याला अवरेकाई म्हणतात. दाणे रात्रभर भिजवायचे. सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल बोटात राहतं आणि आतला दाणा टुणकन पातेल्यात जातो. राजाजीनगरातल्या आमच्या गच्चीवर कोवळं ऊन आलं होतं, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि ती माझ्यासमोर पाय पसरून बसली होती. आज आठवायला बसलं की ते सगळं झोपेत दिसावं तसं दिसतं. तिचे हात दिसतात, पातेलं दिसतं. आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखा येतो.

"अहो, पोराचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

पोर म्हणजे आमचा नातू. पंधरा वर्षांचा. मुलगा आणि सून दोघंही बेळ्ळंदूरला कंपनीत, सकाळी निघतात ते दिवे लागल्यावर घरी येतात. पोर आमच्याच हातावर वाढलं.

"वयच तसलं आहे," मी म्हणालो.

"आपल्यात जेवायला बसत नाही. बॅट खालच्या मजल्यावरच्या पोरीला देऊन टाकली. म्हटलं का रे, तर म्हणतो, मला आता लागायची नाही."

"खेळायचं नसेल."

"मग तोंड का असं केलं? गावाला निघालेला माणूस सामान वाटतो तसं वाटतोय तो."

मी दाणे दाबत राहिलो. ती शाळेत कधी गेली नाही, मी चौथीपर्यंत गेलो. पण माणसाचं तोंड वाचायचं झालं तर मी तिच्यापुढं कच्चा होतो.

तिनं सांगितलं, त्याच्या वह्या झटकताना एक पान दिसलं. अक्षरं तिला येत नव्हती म्हणून तिनं नुसतं चित्र बघितलं. ओळीनं चौकोन काढले होते, वर्गातल्या बाकांसारखे. त्यातले चार चौकोन पेन्सिलीनं इतके काळे केले होते की कागद फाटला होता. आणि परदेशातल्या कुठल्याशा शाळेत एका पोरानं बंदूक चालवली, ती बातमी तो फोनवर सारखी लावून बघतो. "बातमी माणूस एकदा बघतो. हा देव बघितल्यासारखा बघतोय."

पोर बोलताना अडखळतं. लहानपणी आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. दोन वर्षांपूर्वी मोठ्या शाळेत घातलं. तिथं वर्गातल्या पोरांनी त्याला धडा वाचताना फोनवर टिपून घेतलं आणि सगळ्यांना पाठवलं. तेव्हापासून रोज कोणीतरी त्याच्यासारखं बोलून दाखवायचं. हे मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं होतं, एक लगावून दे की. आणि विसरून गेलो होतो.

"काल मला म्हणाला," ती म्हणाली, "अज्जी, संक्रांत झाली की कोणी हसणार नाही बघ." तिनं हात थांबवला. "अहो, ती बंदूक देऊन टाका."

ती बंदूक माझी भाकरी होती. बावीस वर्षं मी एका बँकेच्या दारात उभा राहिलो, स्वतःच्या लायसनची दुनळी खांद्याला लावून. बावीस वर्षांत एक गोळी उडवली नाही. पण ती खांद्यावर होती म्हणून मॅनेजरसुद्धा मला अण्णा म्हणायचा. नोकरी सुटली तरी लायसन मी दर वेळी नवं करत आलो. घरात पलंगाखालच्या ट्रंकेत ती असायची, गोळ्या त्याच ट्रंकेत डब्यात. दसऱ्याला, खंडेनवमीला, तिला बाहेर काढून तेल लावायचं, झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू व्हायचं. नातू माझ्या शेजारी बसून तेलाचं फडकं धरायचा. कशी मोडायची, कशी जोडायची, मीच त्याला दाखवलं. मला अभिमान वाटायचा.

"खंडेनवमीचं कुंकू तिच्या नळीवर असायचं," ती म्हणाली. "परवा ट्रंक उघडली तर पुसलेलं. तुम्ही पुसलं?"

मी पुसलं नव्हतं.

"आपलं पोर आहे ते," मी म्हणालो. "दरोडेखोर नव्हे. गप बस, दाणे दाब."

हे मी तिच्याशी बोललेलं जवळजवळ शेवटचं. गोड काही बोललो असतो तर लिहिलं असतं. नाही बोललो.

ती दाणे दाबू लागली. मग एक दाणा तिच्या बोटांतून सटकला तो थेट माझ्या चष्म्यावर आपटला. मी दचकलो. ती हसायला लागली, पदर तोंडात धरून हसली. "बावीस वर्षं बँक राखली," म्हणाली, "आणि पावट्याला भिता." मग मलाही हसू आलं. पातेलं अर्धं भरलं तेव्हा ती उठली. "छातीत जड वाटतंय. थोडं पडते. राहिलेले संध्याकाळी."

दुपारी हाक मारायला गेलो तर ती गेली होती. देवाघरी गेली, पंचत्वात विलीन झाली, तसलं मला लिहिता येत नाही. मेली. हात अजून ऊबदार होता आणि बोटांना पावट्याचा वास होता.

उरलेली दुपार धुरासारखी गेली. डॉक्टर आला, मुलगा-सून आले, विजेच्या दाहिनीत नेलं, दिवे लागायच्या वेळेला आम्ही परत आलो. गावाकडचे, बेळगावकडचे लोक दुसऱ्या दिवशी पोचणार होते. शेजारच्या अक्का म्हणाल्या, जिथं जीव गेला तिथं दिवा लावा. आमच्यात दिव्याशेजारी पीठ पसरतात, त्यावर बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालतात, आणि सकाळी उचलून बघतात. पिठात ज्याच्या पावलाचा ठसा उमटेल त्याच्या जन्माला गेलेलं माणूस गेलं, असं म्हणतात.

सून पीठ आणायला स्वयंपाकघरात गेली. जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात तिनं हात घातला आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, हे काय आहे?"

पिठानं माखलेली एक पुरचुंडी होती. बायकोच्या जुन्या इरकलीच्या फडक्याची, तिच्याच हातची गाठ. मी सोडली. आत माझ्या गोळ्या होत्या. सगळ्या.

पोराच्या हाताला लागू नयेत म्हणून तिनं त्या पिठात लपवल्या होत्या. रोज त्याच डब्यातलं पीठ काढून भाकरी थापली, मी ती खाल्ली. मला सांगायला आली आणि मी तिला गप बस म्हणालो.

"अण्णा, आईनं असं का केलं?" मुलानं विचारलं. मी मान वर केली. नातू दाराशी उभा होता. तो पुरचुंडीकडं बघत होता, आणि पंधरा वर्षांच्या पोराचं तोंड इतकं म्हातारं मी बघितलं नव्हतं.

मी उठलो. ट्रंकेला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली, पुरचुंडी उशाखाली घेतली आणि पोराला माझ्या अंथरुणाशेजारी झोपायला लावलं.

सकाळी धुकं खिडकीपर्यंत आलं होतं. अक्कांनी बुट्टी उचलली आणि "अय्यो" म्हणाल्या. पिठात पाऊल नव्हतं. माणसाचा हात होता, पाची बोटं उमटलेली. सून रडायला लागली. मला एक क्षण वाटलं, आलीच ती, राहिलेले पावटे दाबायला. मग नातवाकडं बघितलं. त्याच्या नखांत पीठ होतं.

मी त्याला गच्चीवर घेऊन गेलो. पातेलं तिथंच होतं, दाणे फुगून पाणी आंबलं होतं.

"हात तू ठेवलास?"

"अज्जीनं म-मला विचारलं होतं," तो म्हणाला. "बंदुकीला हात लावलास का म्हणून. मी नाही म्हणालो." मग पातेल्याकडं बघत, "खोटं बोललो. तोच हात रात्री पिठात ठेवला, तिला क-कळावं म्हणून."

मला आडून विचारता येत नाही. मी सरळ विचारलं. "कुणाला मारायचंय का तुला?"

मला वाटलं तो ओरडेल, काय अज्जा म्हणेल. तो ओरडला नाही. कुणीतरी कधीतरी विचारेल याची वाट बघत बसल्यासारखा तो खाली बसला. म्हणाला, चौघं आहेत. मारायचंच असं नाही, पण ते हसणं बंद व्हायला पाहिजे. आणि मग स्वतःलापण. बोलायला त्याला फार वेळ लागत होता. मी एकही शब्द त्याच्या तोंडात घातला नाही, तसा थांबलो. इतकी वर्षं मला ते जमलं नव्हतं. धुक्यात त्याचा आवाज येत होता आणि तो रडत होता, आणि मी त्याचं डोकं माझ्या छातीशी धरलं होतं.

खाली येऊन मुलाला आणि सुनेला बसवलं, पोरासमोरच सगळं सांगितलं. त्याच्या वहीतलं ते पान काढून दाखवलं.

"अण्णा, आज?" मुलगा म्हणाला. "गावाकडची माणसं यायची आहेत. लोक काय म्हणतील?"

"तुझी आई काल म्हणत होती, तेव्हा मी ऐकलं नाही. तू आत्ता ऐक. दवाखान्यात ने त्याला, डोक्याच्या डॉक्टरकडं. शाळेच्या मोठ्या बाईंना फोन कर, सगळं सांग, त्या चौघांचंपण. आणि याला क्षणभर एकटा सोडू नकोस. लोकांचं मी बघतो."

सुनेनं पोराचा हात धरला. तो तिनं मग सोडलाच नाही.

मी ट्रंक उघडली. बंदूक बायकोच्या शालीत गुंडाळली, पुरचुंडी आणि लायसनचं पुस्तक घेतलं आणि पोलीस ठाण्याला चालत गेलो. सुतकातला माणूस, अंघोळ नाही, पायात चप्पल नाही. रस्त्याकडेला पावट्याचे ढीग लागत होते.

ठाण्यातला हवालदार मला ओळखायचा. निवडणूक आली की आमच्यासारख्यांच्या बंदुका तिथंच जमा होतात.

"निवडणूक नाही की, अज्जा," तो कन्नडमध्ये म्हणाला. "आज का आणली?"

"ठेवून घ्या. परत न्यायची नाही. लायसनपण रद्द करा."

"एवढी वर्षं सांभाळली आणि आता काय झालं?"

"बायकोनं सांगितलंय."

तो हसला. "अज्जीला भिता होय?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं कागद पुढं सरकवला. मी पेन धरलं. बोटांना अजून पावट्याचा वास येत होता. एकेक अक्षर जोडून सही केली.